पेस्तनजी मेहेरजी आणि पेस्तनशाही रुपया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावाकडं जुना वाडा पाडताना, नाही तर आजीची पेटी रिकामी करताना कधीमधी एक जाडसर चांदीचा रुपया हाती लागतो. सराफ्यातला जाणता माणूस तो उलटसुलट करून बघतो आणि म्हणतो, "पेस्तनशाही दिसतोय." मग घरातल्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: पेस्तन म्हणजे कोणता राजा?

तो राजा नव्हता, व्यापारी होता. इराणातून आलेल्यांच्या वंशातला, कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेला पारशी. निजामाच्या राज्यात त्याचा एवढा दबदबा झाला की आपल्या औरंगाबादेतल्या टांकसाळीचा रुपया लोक त्याच्या नावानं ओळखू लागले. मी इतिहास शिकवत आलो आणि नाण्यांचा नाद मला लहानपणापासूनचा. त्यामुळं या माणसाबद्दल आणि त्याच्या घराण्याबद्दल लोक मला सारखं विचारतात. नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथं लिहून ठेवतो. मराठवाड्याच्या शाळांमधून हे कुणी शिकवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पेस्तनजी एकटेच होते का?

नाही. हा कारभार दोन भावांचा होता. थोरले विकाजी मेहेरजी आणि धाकटे पेस्तनजी मेहेरजी. इंग्रजी कागदपत्रांत पेढीचं नाव कधी 'विकाजी पेस्तनजी' असं येतं, तर कधी नुसतं 'पेस्तनजी आणि कंपनी'. विकाजींनी घराण्याचा पाया घातला आणि निजामाच्या मुलखात पेस्तनजींचं नाव जास्त गाजलं. मात्र दोघांना वेगळं काढून त्यांची गोष्ट सांगता येत नाही. पेढी एक, पत एक, आणि पुढं बुडाली तीही एकच.

'मेहेरजी' हे आडनाव आहे का?

त्या काळच्या पारशी रीतीप्रमाणं ते वडिलांचं नाव आहे. विकाजी मेहेरजी म्हणजे मेहेरजींचे पुत्र विकाजी. पारशांची आजची आडनावं पुढं स्थिरावली. काही गावावरून पडली, जशी तारापोर किंवा तारापोरवाला. काही धंद्यावरून पडली. काहींचं तर एखाद्या नामांकित पूर्वजाचं पाळण्यातलं नावच आडनाव झालं. विकाजींच्या वंशजांत 'विकाजी' हेच आडनाव चाललं. आपल्याकडं पाटील, देशमुख, देशपांडे ही वतनाची नावं आडनावं होऊन बसली, तसाच हा प्रकार.

हे लोक इराणातून थेट औरंगाबादेला आले का?

हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. इराण सोडलं ते पूर्वजांनी, या भावांच्या जन्माच्या कित्येक शतकं आधी. इराणात अरबांची सत्ता आल्यावर जरथुष्ट्राचा धर्म पाळणाऱ्या काही मंडळींनी देश सोडला आणि ती गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरली. या प्रवासाची परंपरागत कथा 'किस्सा-ए-संजाण' या फारसी काव्यात आहे. ते १५९९ च्या सुमारास लिहिलं गेलं, म्हणजे प्रत्यक्ष घटनेनंतर फार मोठ्या काळानं. म्हणून त्यातला प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेता येत नाही. राजासमोर दुधात साखर विरघळवून दाखवल्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती लोकांच्या तोंडी आहे, त्या काव्यात नाही.

संजाणहून पारशी किनाऱ्यानं वर-खाली पसरले. नवसारी, सुरत, डहाणू, तारापूर, मुंबई. आपले मेहेरजी तारापूरचे. हे गाव आज पालघर जिल्ह्यात येतं. १९६९ पासून तिथं अणुवीज केंद्र आहे, म्हणून नाव तरी सगळ्यांच्या कानावर असतं. मुंबईत आगगाडी येण्याच्या कितीतरी आधी तारापूर हे पारशांचं जुनं, भरलं गाव होतं. घरात गुजराती, बाजारात मराठी आणि धर्मविधीला अवेस्ता, अशा तीन भाषांत तिथली मुलं वाढत. निजामाचं दफ्तर फारसीत चाले. म्हणजे औरंगाबाद-हैदराबादकडं आल्यावर व्यवहाराला चौथी भाषा लागली.

तारापूरला हे आधीपासून श्रीमंत होते का?

खाऊनपिऊन सुखी होते आणि विकाजींनी घराणं मोठं केलं. उत्तर कोकणातल्या जकातीचे मक्ते त्यांनी घेतले. बंदरात उतरणाऱ्या आणि घाट चढणाऱ्या मालावरची जकात वसूल करायची, सरकारला ठरलेली रक्कम भरायची, उरेल ते आपलं. तारापूरचा किल्लाही या घराण्याकडं इनाम म्हणून होता. गावात विकाजींनी अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, बांधलं.

जकातीच्या धंद्यात एक गोष्ट आपोआप शिकायला मिळते: कोणता माल कुठून येतो, कुठं जातो आणि मधल्या मधे कोण किती कमावतो. हेच ज्ञान पुढं त्यांना घाटावर घेऊन आलं, असं मला वाटतं.

मग निजामाच्या राज्यात येण्याचं कारण काय?

पहिलं कारण कापूस. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तिथला कापूस बैलांच्या पाठीवर लादून उत्तरेला, थेट गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. मुंबई त्या मानानं जवळ आणि तिथून पुढं जहाज. पण घाट ओलांडून तिकडं माल न्यायची वहिवाट नव्हती. १८२५-२६ मध्ये या पेढीनं ते धाडस केलं. ५०० बैलांवर लादून सुमारे १,२०,००० पौंड सरकी काढलेला कापूस त्यांनी वऱ्हाडातून मुंबईला पाठवला. किंमत होती २५,००० रुपयांच्या घरात. आजच्या हिशेबात तो कापूस साधारण ५४ टन भरतो, म्हणजे पाच-सहा ट्रकांचा माल.

आता तो तांडा डोळ्यासमोर आणा. एका बैलावर दोन्ही बाजूंनी मिळून शंभर किलोंच्या वर ओझं. चाकाची गाडी घाटात चालत नसे, म्हणून माल पाठीवरच. हे काम आपल्या लमाण बांधवांचं. बाया, पोरं, कुत्री, सगळा संसार बरोबर घेऊन तांडा चाले. वाटेत चारा-पाणी बघून मुक्काम, पावसाळ्यात सगळं ठप्प. माल ओला झाला तर नुकसान व्यापाऱ्याचं, बैल मेला तर लमाणाचं. पेस्तनजींची श्रीमंती सांगताना त्या बैलांमागं चालणाऱ्या माणसांची आठवण ठेवली पाहिजे. पुढं आगगाडी आली आणि तांड्यांचा हा धंदा गेला. आज मराठवाड्यात गावोगाव जे तांडे वसलेले दिसतात, त्यांच्या हलाखीची एक मुळी तिथं आहे.

पेढीनं पुढं खामगावला कापूस दाबून गठ्ठे बांधायची सोय केली. खामगाव कापसाची मोठी पेठ झालं, १८७० मध्ये तिथं खास रेल्वेचा फाटा आला. पण सुरुवातीची वाट पाडणाऱ्यांत हे दोघं होते.

दुसरं कारण?

राज्याला पैशांची निकड होती आणि कर्ज देणारी बडी पेढी नुकतीच बुडाली होती.

हे थोडं सविस्तर सांगतो, कारण याशिवाय पुढचं काहीच उलगडत नाही. इंग्रजांशी झालेल्या तहांमुळं निजामाला 'कंटिंजंट' नावाची फौज पोसावी लागे. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटाचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रजांच्या प्रतिनिधीचा, आणि पगार निजामाच्या तिजोरीतून. या फौजेच्या काही छावण्या मराठवाड्यात होत्या: औरंगाबादेला, हिंगोलीला, मोमिनाबादेला म्हणजे आपल्या अंबाजोगाईला. हिंगोलीची जुनी छावणी आजही लोकांना ठाऊक आहे. त्या छावणीचा पगार दर महिन्याला रोख लागायचा आणि शेतसारा तर सुगीला येणार. मधली खिंड सावकारानं भरायची.

आधी ही खिंड भरत होती विल्यम पामर यांची पेढी. १८२० मध्ये त्यांनी दिलेलं साठ लाखांचं कर्ज फार गाजलं, त्यावरून कलकत्त्यापासून लंडनपर्यंत वाद झाला. १८२४ मध्ये ती पेढी कोसळली. राज्याचा गाडा हाकत होते राजा चंदूलाल. त्यांना नवे सावकार हवेच होते. मारवाडी, गुजराती, गोसावी सावकार होते, पूरणमल यांच्यासारखे मातब्बर होते. त्यांच्या पंगतीत मेहेरजी बंधू येऊन बसले आणि थोड्याच वर्षांत पुढच्या रांगेत गेले.

चंदूलाल कोण?

खत्री घराण्यातले. म्हणजे त्यांचेही पूर्वज उत्तरेकडून दक्षिणेत आलेले. १८०६ पासून पेशकार (दिवाणाच्या खालचा मोठा अधिकारी), १८३२ पासून दिवाण, १८४३ मध्ये पायउतार. 'शादाँ' या नावानं शायरी करत आणि दानाला हात मोकळा होता. कर्ज काढायलाही तितकाच मोकळा होता. त्यांच्याबद्दल माझं मत अजून पक्कं होत नाही. एका बाजूला इंग्रजांचा तगादा आणि दुसऱ्या बाजूला रिकामी तिजोरी, असं सदतीस वर्षं सांभाळणं सोपं नव्हतं. पण त्या सांभाळण्याची किंमत खेड्यातल्या कुणब्यानं मोजली.

कर्जाच्या बदल्यात पेस्तनजींना काय मिळायचं?

मुलूख मिळायचा. शब्दशः.

सरकारकडं रोकड नसायची, म्हणून एखाद्या परगण्याचा, कधी अख्ख्या जिल्ह्यांचा महसूल सावकाराला लावून दिला जाई. 'तुम्ही आम्हाला आज इतके लाख द्या, त्या मुलखाचा सारा तुम्ही वसूल करून घ्या, व्याजासकट फिटेपर्यंत.' मराठवाड्यात आजही आपण रस्त्याचं, पुलाचं काम घेणाऱ्याला गुत्तेदार म्हणतो. पुण्या-मुंबईकडं तोच ठेकेदार किंवा कंत्राटदार. आपल्याकडं 'गुत्ता' शब्द एवढा मुरलाय त्याला कारण आहे. निजामाच्या राज्यात सारा गुत्त्यानं, जकात गुत्त्यानं, ताडी-दारू गुत्त्यानं. आणि टांकसाळही.

अशा गुत्त्यानं वऱ्हाडातले परगणे मेहेरजी बंधूंच्या हाती आले. औरंगाबाद हे त्यांचं मोठं ठाणं झालं, हैदराबादेत पेढी आणि मुंबईशी व्यापार. कापूस पिकवणाऱ्या रयतेचा सारा हेच वसूल करणार, कापूस हेच विकत घेणार आणि सरकारला कर्जही हेच देणार, असं ते चक्र होतं. धंद्याच्या दृष्टीनं याहून घट्ट बांधणी त्या काळी शोधून सापडणार नाही.

खासगी माणसाच्या हाती टांकसाळ? हे कसं चालायचं?

आजच्या नोटेच्या हिशेबानं बघितलं तर अजब वाटतं, पण तेव्हा नाण्याची किंमत त्यातल्या चांदीत होती. सराफ किंवा व्यापारी चांदी घेऊन टांकसाळीत यायचा. चांदी गाळून, कस लावून, ठरलेल्या वजनाच्या चकत्या पाडल्या जायच्या. खाली एक ठसा, वर एक ठसा, मधे चकती आणि हातोड्याचा एक घाव, की रुपया तयार. घडणावळ आणि सरकारचा हक्क कापून बाकी रुपये चांदी आणणाऱ्याला परत. टांकसाळ चालवण्याचा गुत्ता घेणारा सरकारला रक्कम भरायचा आणि घडणावळीतून कमवायचा.

कमाईची दुसरी वाट बट्ट्याची. मुलखात एकाच वेळी किती तरी तऱ्हेचे रुपये फिरत. चंदूलालांचे भाऊ गोविंदबक्ष यांच्या नावाचा 'गोविंदबक्षी' होता, आपला 'पेस्तनशाही' होता, कंपनी सरकारचा 'कलदार' होता, आणि शेजारच्या मुलखांतून आलेले तऱ्हेतऱ्हेचे. कस निराळा, वजन निराळं. म्हणून एका रुपयाचा दुसरा करताना सराफ काही आणे कापून घेई, तो बट्टा. साऱ्याचा रुपया सरकारी खजिन्यात कोणत्या भावानं धरायचा, हेही बट्ट्यावर ठरायचं. ज्याच्या हाती सारा आणि टांकसाळ दोन्ही, त्याला किती ठिकाणी हात घालता येत असेल याचा विचार करा. बाजारात दोन पायल्या ज्वारी विकून आलेल्या माणसाला मात्र हातातल्या नाण्याची खरी किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागे.

माझी आजी शेवटपर्यंत 'हाली' आणि 'कलदार' असा फरक करून बोलायची. निजामाच्या राज्याचा पुढचा हाली सिक्का हिंदुस्थान सरकारच्या रुपयाहून हलका होता. शंभर कलदारला साधारण एकशे सोळा-सतरा हाली मोजावे लागत. "लग्नात पाचशे दिले, कलदार!" असं ती ठासून सांगायची. तेव्हा मला त्या शब्दावरचा जोर कळत नव्हता.

रुपयावर पेस्तनजींचं नाव कोरलेलं असतं का?

बहुतेकांची निराशा इथं होते. निजामाच्या राज्यातले रुपये १८५७ च्या उठावापर्यंत दिल्लीच्या मुघल बादशहाच्या नावानं पाडले जात. निजामाचंसुद्धा पूर्ण नाव त्यावर नसे, तिथं व्यापाऱ्याचं कुठून असणार? मजकूर फारसीत, साल हिजरी, आणि औरंगाबादेच्या टांकसाळीचं मानाचं नाव 'खुजिस्ता बुनियाद', म्हणजे शुभ पायाचं नगर. 'पेस्तनशाही' हे नाव बाजारानं ठेवलेलं. 'शाही' हा शब्द एरवी राजांच्या नाण्यांमागं लागतो. तो एका पारशी सावकाराच्या नावामागं लागला, यातच त्याची पत किती होती ते दिसतं.

त्यांची श्रीमंती नेमकी किती होती?

राज्याला लाखोंनी कर्ज देण्याइतकी. पण ती श्रीमंती तिजोरीत रचून ठेवलेली नव्हती, लोकांकडून येणं असलेल्या रकमांत होती. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून हुंडीवर, म्हणजे मुदतीच्या चिठ्ठीवर, पैसा उचलायचा, तो सरकारला द्यायचा, साऱ्यातून वसूल करायचा आणि हुंडी मुदतीत फेडायची. यातली एक कडी तुटली की बाकीच्या सगळ्या सुटतात. पेस्तनजींची संपत्ती म्हणजे इतर लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास आणि त्यांचा चंदूलालांवरचा विश्वास. हे लक्षात घेतलं की पुढं काय झालं ते समजायला अवघड जात नाही.

मग बुडाले कसे?

१८४३ मध्ये चंदूलाल पायउतार झाले. त्यांनी दिलेला शब्द पाळायला दरबारात कुणी बांधील नव्हतं. नव्या कारभाऱ्यांना मुलूख परत हवा होता आणि कर्ज तर फिटलेलं नव्हतं. मेहेरजी बंधूंचं म्हणणं सरळ होतं: आमचे पैसे द्या, मग परगणे घ्या. १८४५ मध्ये सरकारनं फौज पाठवून वऱ्हाडातले परगणे ताब्यात घेतले. पैसे मिळाले नाहीत.

साऱ्याची आवक थांबली, पण मुंबईच्या हुंड्यांच्या मुदती काही थांबल्या नाहीत. पंधरा-वीस वर्षांत उभारलेली पेढी बघता बघता खाली आली.

इंग्रजांनी मध्यस्थी का केली नाही?

भावांनी विनवण्या बऱ्याच केल्या. आम्ही कंपनी सरकारच्या मुलखातले रहिवासी, तारापूरचे, आमच्यावर परराज्यात अन्याय झाला, तेव्हा दाद द्या, असं त्यांचं म्हणणं. रेसिडेंटाकडं, कलकत्त्याला, लंडनला कंपनीच्या संचालकांकडं आणि शेवटी पार्लमेंटपर्यंत अर्ज गेले. उत्तर साधारण एकच मिळत राहिलं: तुम्ही स्वतःच्या जोखमीवर व्यवहार केला.

या उत्तरात मला मोठा अन्याय दिसतो. कंटिंजंटचा पगार थकला की याच सरकारचा आवाज चढायचा. ते देणं वसूल करण्यासाठी १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख लिहून घेतला. (धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले, वऱ्हाड कायमचा गेला.) म्हणजे मुलूख गहाण घेऊन कर्ज वसूल करायची जी रीत सावकारानं वापरली, तीच साम्राज्यानंही वापरली. फरक एवढाच की सावकाराकडं तोफा नव्हत्या. आणि ज्या वऱ्हाडातून पेस्तनजींना काढलं, तोच वऱ्हाड आठ वर्षांत इंग्रजांच्या हाती गेला.

म्हणजे ते रयतेचे शोषक नव्हते, असं तुम्हाला म्हणायचंय का?

असं मी म्हणणार नाही. हा प्रश्न मला तरुण मुलं विचारतात आणि विचारलाच पाहिजे.

गुत्त्याची पद्धत रयतेला पिळणारीच होती. जास्त बोली लावणाऱ्याला तालुका मिळायचा आणि आपला गुत्ता कधी काढून घेतला जाईल याचा भरवसा नसल्यानं, आहे तोवर ओरबाडून घेण्याकडं कल. जुन्या गॅझेटियरांत एक किस्सा येतो. तालुक्यावर नेमणूक झालेला अंमलदार हैदराबादेहून निघाला तो घोड्यावर उलटा बसून, शेपटीकडं तोंड करून. कारण विचारलं तर म्हणाला, माझ्या मागून माझ्या जागी दुसरा कुणी येतोय का ते बघतोय. किस्सा खरा की रचलेला हे सोडा, राज्य कसं चाललं होतं ते त्यातून कळतं. वसुलीला अरब, रोहिले शिपाई जात. सारा भरायला कुणबी गावातल्या सावकाराकडं जाई आणि पुढची सुगी आधीच गहाण पडे.

मेहेरजी बंधू या पद्धतीचे निर्माते नव्हते, पण तिचे मोठे लाभार्थी नक्की होते. त्यांनी कापसाला नवी पेठ मिळवून दिली, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या खात्यावर मांडाव्या लागतात. फक्त 'पारशी सावकार' म्हणून त्यांना शिवी देणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की गुत्ता देणारा दरबार, त्यावर दाब ठेवणारा रेसिडेंट आणि गावपातळीवर वसुली करणारे आपलेच देशमुख-देशपांडे यांचीही नावं त्याच पानावर लिहा.

१८५३ मध्ये सालारजंग दिवाण झाले. त्यांनी हळूहळू हे गुत्ते मोडले, पगारी तालुकदार नेमले आणि १८६५ मध्ये जिल्हाबंदी, म्हणजे मुलखाची जिल्ह्यांत वाटणी, केली. नाणं पाडण्याचं कामही हैदराबादेत एकवटलं. पेस्तनशाहीचा काळ तिथं संपला.

घराण्याचं पुढं काय झालं?

दोघं भाऊ गेले तोवर वैभव उतरलेलं होतं, पण घराणं विस्कटून गेलं नाही. पुढच्या पिढ्यांतले काही जण हैदराबाद-सिकंदराबादेतच राहिले. एकूणच निजामाच्या राज्यात पारशांनी कारभारात मोठं नाव मिळवलं. फरीदूनजी जमशेदजी यांच्यासारखे लोक 'फरीदून-उल-मुल्क' झाले.

मला सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट सिकंदराबादची. तिथं आजच्या महात्मा गांधी रस्त्यावर या दोघा भावांच्या नावाची अग्यारी आहे. ती १८४७ मध्ये प्रतिष्ठित झाली. साल परत वाचा. परगणे हातचे गेले १८४५ मध्ये. म्हणजे अर्जविनंत्या चालू होत्या, घेणेकरी दारात होते, आणि त्या दिवसांत पवित्र अग्नीचं घर उभं राहिलं. सोबत आलेल्या आपल्या माणसांना नवजोत (मुलांना धर्मात घेण्याचा विधी), लग्न, मर्तिकाचे विधी करायला जागा हवी, हे काम त्यांनी पैसा सुटला तरी सोडलं नाही. ती अग्यारी आजही आहे. आत फक्त पारशांनाच जाता येतं. बाहेरच्या रस्त्यावरून मी दोनदा हात जोडून आलोय.

मराठवाड्यात त्यांची काही खूण उरली आहे का?

रुपया, तेवढाच. औरंगाबादेत त्यांचा पुतळा नाही, रस्त्याला नाव नाही. आणि हे शहर तर बाहेरून आलेल्यांनीच घडवलेलं. १६१० मध्ये खडकी वसवणारा मलिक अंबर हबशी होता, इथिओपियात जन्मलेला. पाणचक्कीचे बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याकडचे. जालन्याच्या, लातूरच्या, नांदेडच्या बाजारपेठा उभ्या राहिल्या त्यात राजस्थानातून आलेल्या घराण्यांचा वाटा केवढा आहे, ते कुणाला सांगायला नको. मलिक अंबर आपण आता कुठं आठवू लागलो आहोत. पेस्तनजींची पाळी अजून यायची आहे. त्यांचं देऊळ करा असं मी म्हणत नाही. सातवी-आठवीच्या पोराला गुत्ता म्हणजे काय हे शिकवताना उदाहरण म्हणून तरी त्यांना घ्या.

माझ्याकडं असा रुपया आहे. तो पेस्तनशाहीच आहे हे कसं ओळखू?

घरच्या घरी छातीठोकपणे ओळखता येत नाही. हातोड्यानं पाडलेल्या नाण्यात ठसा चकतीपेक्षा मोठा असतो, त्यामुळं निम्मा मजकूर बाहेरच राहतो. टांकसाळीचं नाव, हिजरी साल आणि बारीक खुणा जुळवून जाणकार ठरवतो. वजन साधारण ११ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. कडेला छिन्नीचे घाव किंवा वर बारीक शिक्के दिसले तर घाबरू नका, सराफांनी कस तपासल्याच्या त्या खुणा असतात.

लिंबू, चिंच, राख काहीही लावून घासू नका. काळेपण आलेलं असतं ते नाण्याचं वय असतं, ते उतरवलं की किंमतही उतरते. आणि आटवायला तर कुणाला देऊच नका. चांदीचा भाव वाढला की सराफ्यात अशी कितीतरी नाणी मुशीत जातात.

नाणं घरातल्या पेटीत पिढ्यान्पिढ्या असेल तर ते तुमचं. जमिनीत, शेतात, पाया खोदताना हंडा सापडला तर मात्र १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांवरची नाणी परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाहीत, तेव्हा ऑनलाइन कुणी बाहेरच्या देशातून भाव सांगितला तर थांबा.

एक करा. दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढा, बाजूला मोजपट्टी ठेवा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारा, की हा रुपया कुणाकडून, कोणत्या गावाहून, कशाच्या व्यवहारात आला. ती माहिती नाण्यासोबत कागदावर लिहून त्याच पुडीत ठेवा.